समुपदेशन की मानसोपचार? पाटीवरून कळत नाही, मग कशावरून कळावे?

आडवाट (धागाकर्ती)

'चांगला समुपदेशक सुचवा' ही विनंती आपल्या आरोग्य विभागात सतत येते, आणि तिच्याखाली सुचवलेल्या नावांत विवाह समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ, कलचाचणी घेणारे मार्गदर्शक आणि काही महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा केलेले 'माइंड कोच' हे सगळे एकाच पंगतीत बसलेले दिसतात. विचारणाऱ्याची अडचण नेमकी कोणत्या जातीची आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे मानसिक विकारांवर औषधांविना उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ म्हणून, पुण्यात काम करते. समुपदेशन आणि मानसोपचार यांतला फरक कामात जसा जाणवतो तसा येथे मांडते आहे. या धाग्यात 'मानसोपचार' म्हणजे बोलण्याच्या माध्यमातून, ठरलेल्या पद्धतीने होणारे उपचार. औषधे देणाऱ्या डॉक्टरांना मी मनोविकारतज्ज्ञ म्हणेन.

पाठ्यपुस्तकातले उत्तर सुटसुटीत आहे. समुपदेशन थोड्या काळाचे आणि आजच्या अडचणीपुरते, तर मानसोपचार दीर्घ मुदतीचा आणि भूतकाळाच्या मुळाशी जाणारा. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात, पण प्रत्यक्षात ते फार टिकत नाही. एखाद्या विशिष्ट गोष्टीच्या भीतीवरचा वर्तनोपचार काही आठवड्यांत आटोपू शकतो आणि त्यात बालपणाचा विषय निघतही नाही; उलट मतिमंद मुलाच्या पालकांचे समुपदेशन वर्षानुवर्षे चालू राहू शकते. कालावधीवरून वर्गवारी केली, तर हे दोघेही चुकीच्या खणात जाऊन पडतील.

ही गल्लत आजची नाही. समुपदेशनाचे एक मूळ व्यवसाय मार्गदर्शनात आहे: फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारे केंद्र सुरू केले, आणि तिथे आलेला मुलगा आजारी आहे असे कोणी मानत नव्हते. मानसोपचाराची परंपरा दवाखान्यातून, ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांच्या व्हिएन्नातल्या रुग्णांपासून येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले, आणि आत मात्र ते जवळजवळ एकाच प्रक्रियेसाठी वापरले. अमेरिकेत तेव्हा उपचार करणे हा डॉक्टरांचा प्रांत मानला जात असे, त्यामुळे डॉक्टर नसलेल्या मानसशास्त्रज्ञांना 'समुपदेशन' हे नाव सोयीचेही होते. म्हणजे हे दोन शब्द वेगळे राहण्यामागे शास्त्राइतकाच हद्दीचा प्रश्न होता, असे माझे मत आहे.

तरीही फरक आहे. समजा, बढती मिळालेला एक तरुण येतो आणि सांगतो की बैठकीत बोलताना त्याला घाम फुटतो. कामाचा भार अचानक वाढला आहे, जुने सहकारी आता हाताखाली आले आहेत आणि वरिष्ठांना 'नाही' म्हणणे जमत नाही, असे चित्र असेल तर समुपदेशन हेच योग्य काम आहे. त्याची स्वतःची क्षमता शाबूत आहे. परिस्थिती नीट पाहायला आणि निर्णय घ्यायला त्याला सोबत हवी आहे. पण तोच तरुण बोलताना असेही सांगतो की तो कॉलेजपासून असाच आहे, बैठकीत बोलायचे प्रत्येक वाक्य आदल्या रात्री लिहून पाठ करतो, कॅमेरा बंद ठेवतो, हात थरथरलेला दिसू नये म्हणून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आणि याच कारणासाठी त्याने दोन नोकऱ्या नाकारल्या आहेत. आता धीर देऊन भागणार नाही. ज्या युक्त्यांमुळे आपण वाचतो असे त्याला वाटते, त्याच त्याची भीती जिवंत ठेवत असतात, कारण त्या सोडल्या तर काय होते हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून उपचारात त्याच्याकडून आधी अंदाज लिहून घ्यायचा ('हात थरथरला की सगळे हसतील'), मग एका बैठकीत कप एकाच हाताने धरायला लावायचा आणि काय घडले ते त्या अंदाजाशी ताडून पाहायचे. त्रास कशामुळे टिकून आहे याची मांडणी, ती मांडणी बदलण्याची पद्धत, आणि बदल होतो आहे की नाही याचे मोजमाप, या तीन गोष्टी असतील तर मी त्याला मानसोपचार म्हणते, मग समोरच्याच्या दारावर कोणतीही पाटी असो.

पाटीवर विसंबता येत नाही याला कायद्याचेही कारण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या नात्याने काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तिच्या मान्यतेचा दोन वर्षांचा एम. फिल. ही त्या नोंदणीची आजवरची रुळलेली वाट राहिली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही याच नोंदणीयोग्य पात्रतेला धरून आहे. 'समुपदेशक' या शब्दाला असे कुंपण प्रत्यक्षात अजून पडलेले नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशकांसाठी जागा केली आहे खरी, पण आज कोणी उद्या सकाळी फलक लावायचे ठरवले तर त्याला अडवणारे फारसे कोणी नाही. तेव्हा पहिल्या भेटीत तीन प्रश्न सरळ विचारावेत: माझा त्रास तुम्हाला कशामुळे वाटतो, त्यावर तुम्ही काय करणार आहात, आणि फरक पडला नाही तर मला कोणाकडे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाला जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पिंपळपान

मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत समुपदेशक आहे. लेख पटला, पण त्यातून 'समुपदेशन म्हणजे मानसोपचाराची खालची पायरी' असा समज होऊ नये म्हणून लिहितो. दहावीच्या सराव परीक्षेत नापास झालेला मुलगा, नुकतेच वेगळे झालेले आईवडील, वर्गात एकटी पडलेली मुलगी, ही माझी रोजची कामे आहेत. यांतल्या बहुतेकांना कोणताही विकार नाही आणि त्यांना उपचारांच्या खोलीत नेऊन बसवणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

दुसरे म्हणजे, आमची जबाबदारी वेगळ्या प्रकारची असते. मुलाने सांगितलेले गुपित राखणे हा आमच्या कामाचा पाया आहे, पण लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे आणि तिथे 'मी वचन दिले होते' ही सबब चालत नाही. म्हणून मी पहिल्याच भेटीत मुलांना सांगतो की तू जे बोलशील ते माझ्याकडेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. शिक्षकांच्या खोलीतून मात्र 'काय म्हणाला तो?' अशी विचारणा रोज होते आणि तिला नकार देणे हेच या नोकरीतले सगळ्यांत जिकिरीचे काम आहे.

रानजाई

आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आहे. फरक न कळल्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. बाई अत्यंत प्रेमळ होत्या, भावाचे सगळे ऐकून घेत आणि प्रत्येक वेळी त्याला समजावत की तुझे हात स्वच्छ आहेत, तुझ्यामुळे घरात कोणी आजारी पडणार नाही. तिथून बाहेर पडताना त्याला हलके वाटे आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा मोरीत उभा राहिलेला असे. घरी आईसुद्धा हेच करत होती. 'झाले ना स्वच्छ?' असे त्याने विचारायचे आणि आईने 'हो रे बाळा' म्हणायचे, हे दिवसभर चाले. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवले, तेव्हा आम्हाला कळले की ही खात्री देणे हेच आजाराचे खाद्य होते. हात धुणे आणि 'हो' ऐकणे या दोन्हींनी घालमेल तेवढ्यापुरती उतरते आणि पुढच्या वेळी तेच करण्याची निकड आणखी वाढते.

तिथला उपचार बोलण्यापेक्षा कृतीचा होता. आधी भीतीची उतरंड तयार केली: दाराची कडी, घरातल्या चपला, बाहेरच्या चपला, बसमधला दांडा, सार्वजनिक शौचालयाचे दार, आणि प्रत्येकापुढे शून्य ते शंभरपैकी त्रासाचा आकडा. मग सगळ्यांत खालच्या पायरीपासून वस्तूला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल चढत जायची, तो घामाघूम व्हायचा, मॅडम शेजारी बसून दर थोड्या वेळाने आकडा विचारायच्या आणि 'काही होणार नाही' असे एकदाही म्हणायच्या नाहीत. आकडा आपोआप उतरतो, हे त्याने स्वतः पाहावे हाच सगळा उद्देश होता. आईलाही गृहपाठ होता. त्याने विचारले की तिने म्हणायचे, 'हा प्रश्न आजार विचारतो आहे, मी त्याला उत्तर देणार नाही.' आईला हे वाक्य म्हणताना रडू येत असे, आणि माझ्या मते त्या घरात सर्वांत अवघड उपचार तिनेच घेतले. भाऊ आज पूर्ण बरा आहे असे म्हणता येणार नाही, पण तो नोकरीला जातो आणि बसने जातो.

त्या पहिल्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. हे आपल्या हातातले काम नाही, एवढे त्यांनी सांगायला हवे होते.

खडीसाखर

मला हा सगळा भेद व्यवसायाने निर्माण केलेला वाटतो. मानसशास्त्रज्ञ रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ मध्येच सुचवले होते की निरनिराळ्या उपचारपद्धतींना सारखेच यश येते, कारण त्यांच्यातले समान घटक खरे काम करतात. ऐकणारे, विश्वासाचे माणूस मिळाले की झाले. मग एकाने तासाला चार पैसे कमी घ्यायचे आणि दुसऱ्याने पदवीच्या बळावर जास्त, याला अर्थ काय?

आडवाट

खडीसाखर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. उपचारक आणि रुग्ण यांच्यातले नाते चांगले असले तर निकाल चांगला लागण्याची शक्यता वाढते, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. पण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याची जी फोड केली, तिच्यात जिव्हाळा हा तीनपैकी एकच भाग आहे. उरलेले दोन म्हणजे कुठे पोहोचायचे यावर एकमत, आणि त्यासाठी कोणते काम करायचे यावर एकमत. वर रानजाईंनी जे लिहिले आहे, त्यात जिव्हाळा पहिल्या ठिकाणीही भरपूर होता, काम मात्र उलट दिशेचे होते. नैराश्यात निरनिराळ्या पद्धतींमधला फरक कमी दिसतो हे मान्य आहे. मंत्रचळात किंवा विशिष्ट भीतीत 'कोणतीही पद्धत चालेल' असे मी म्हणू धजणार नाही.

फीबद्दल वेगळा धागा काढावा, कारण त्यावर माझाही राग आहे.

कौलारू

मी गोव्यातला, डिचोलीजवळचा. पदवी आणि पाटी यांच्या चर्चेत आमच्याकडचे एक उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीत टाकेल असे वाटते. 'संगत' ही १९९६ पासून गोव्यात काम करणारी संस्था आहे. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक छोटा उपचार तयार केला आणि तो देणारे लोक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते स्थानिक, प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते. उपचार सहा ते आठ भेटींचा. माणूस नैराश्यात एकेक काम सोडत जातो आणि त्यामुळे अधिक खचतो, ही साखळी उलटी फिरवण्यासाठी छोट्या छोट्या कृती ठरवून करायच्या, हा त्याचा गाभा. १० केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले होते. केवळ केंद्रातली नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आता हे समुपदेशन म्हणायचे की मानसोपचार? करणाऱ्यांचे नाव समुपदेशक, आणि केले ते धागाकर्तीच्या तिन्ही कसोट्यांवर उतरणारे उपचार.

आडवाट

कौलारू, मी त्याला निःसंकोच मानसोपचार म्हणेन. फक्त एक गोष्ट जोडते, कारण हे उदाहरण अर्धवट सांगून 'बघा, शिक्षणाची गरजच नाही' असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत. ते समुपदेशक एकटे नव्हते. रुग्णाची निवड ठरलेल्या प्रश्नावलीने झालेली होती, काय करायचे याची लेखी पुस्तिका होती, आणि त्यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण गटात ऐकून एकमेकांच्या कामाला गुण दिले जात होते. उलट, भिंतीवर चार प्रमाणपत्रे लावलेल्या कितीतरी जणांच्या बंद खोलीत काय चालते, हे वर्षानुवर्षे दुसऱ्या कोणी ऐकलेलेच नसते. माझ्या मूळ लेखातल्या तीन गोष्टींत ही चौथी, म्हणजे आपले काम दुसऱ्या कोणी तपासणे, घालायला हवी.

कोर्टपायरी

कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांबद्दल एक खुलासा, कारण पक्षकारांचा तिथे हमखास गैरसमज होतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या सहाव्या कलमानुसार हे समुपदेशक नेमले जातात आणि आपल्याकडे त्यांना विवाह समुपदेशक म्हणतात. समेट शक्य आहे का, नसल्यास मुलांच्या भेटी, ताबा, पोटगी यांवर सामोपचाराने काही ठरते का, हे पाहणे त्यांचे काम असते. घरातल्या मारहाणीचा धसका, झोप उडणे, जुने आघात यांवर उपचार करण्यासाठी ती नेमणूक नाही आणि तारखांच्या मध्ये तेवढा वेळही नसतो. माझ्या अशिलांना मी सांगत असते की तिथले काम तिथे करा आणि मनावरच्या उपचारांसाठी स्वतंत्र जागा शोधा.

सातासमुद्रापार

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हा प्रश्न कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे, म्हणून नोंद करतो. इथे विचार, भावना, आकलन किंवा स्मरण यांच्या अशा गंभीर विकारावर, ज्याने माणसाची निर्णयशक्ती किंवा वागणे बाधित होऊ शकते, मानसोपचाराच्या तंत्रांनी उपचार करणे ही २०१७ च्या अखेरीपासून नियंत्रित कृती आहे. ती करण्याचा अधिकार मानसोपचारक, मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर, परिचारिका, व्यवसायोपचारक (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आणि समाजकार्यकर्ते यांच्या सहा नियामक संस्थांच्या सदस्यांनाच आहे. सल्ला, माहिती, आधार देणे मात्र यातून वगळले आहे. म्हणजे इथल्या कायद्यानेही रेषा ओढली ती त्रासाच्या गांभीर्यावर. टोरंटोच्या आसपास मराठीतून बोलू शकणारा नोंदणीकृत मानसोपचारक शोधणाऱ्यांनी नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत नाव तपासूनच वेळ घ्यावी. नोंदणी नसेल तर नोकरीतल्या विम्याकडून परतावा मिळणेही अवघड जाते.

शेवंती

वरची चर्चा वाचून एक प्रत्यक्षातला प्रश्न विचारते. बाबांना जाऊन आठ महिने झाले. आई लातूरला एकटीच असते, माझ्याकडे यायला तयार नाही. फोनवर रोज रडते. तिला समुपदेशन हवे की मानसोपचार? तिला 'डॉक्टरकडे जाऊ' म्हटले की 'मी वेडी नाही' असे म्हणते.

आडवाट

शेवंती, आधी हे सांगते की आठ महिन्यांनंतर रडू येणे हा आजार नाही. दुःख फार लांबल्याचे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या ताज्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांनंतर करता येते, अमेरिकेतल्या वर्गीकरणात मोठ्या माणसांसाठी वर्षभरानंतर, आणि दोन्हीकडे केवळ काळ मोजून भागत नाही. रडून झाल्यावर ती उठून स्वयंपाक करते का, शेजारी जाते का, बाबांच्या आठवणीत कधी हसू येते का, हे विचारा. ही उत्तरे होकारार्थी असतील तर तिला ऐकणारे माणूस हवे आहे. ते समुपदेशक असू शकते, मावशी असू शकते, भजनी मंडळही असू शकते. बाबांची खोली तिने कुलूप लावून ठेवली असेल किंवा अजून त्यांचे ताट वाढत असेल, जेवण आणि झोप तुटली असेल, कुठेच जाणे-येणे उरले नसेल, तर दुःखासाठीचे ठरावीक मानसोपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. 'मलाही घेऊन जा' अशी वाक्ये येत असतील तर थांबू नका, त्याच दिवशी तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात कोणालातरी सोबत घेऊन पाठवा.

डॉक्टरांचे नाव नको असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकापासून सुरुवात करता येईल. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा मराठीतूनही मिळते. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्यातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जोडून देतात. पहिला फोन तुम्ही स्वतः करा, आईबद्दल सांगा, आणि ती नाही म्हणत असताना विषय कसा काढावा हेही त्यांनाच विचारा.